किलोमीटर एकशे बारा

इथं पाऊस पडत नाही.
पडलाच तर पेपरात येतो.
माझ्या मुलीला छत्री चित्रातलीच माहीत.
तरी लोखंड गंजतं.

समुद्राचं पाणी आम्ही डोंगरावर चढवतो,
तांब्याच्या खाणीला तहान लागते म्हणून.
चार पंप, तीन हजार मीटर उंची,
आणि पाइपच्या आत मीठ,
रात्रपाळीच्या माणसासारखं, न बोलता कामाला लागलेलं.

एलिसेओ मामानी हातोडी घेऊन चालायचा.
टण वाजलं की पुढं.
ठप वाजलं की खडूची फुली.
एकवीस वर्षं, एका कानावर.
दुसरा वाळवंटातल्या वाऱ्यानं नेला.

आता किलोमीटर एकशे बाराला
एक तार सोडली आहे पाण्यात,
पाइपच्याच जातीच्या पोलादाची,
केसाहून थोडी जाड.
तिला अक्कल काही नाही.
ती नुसती उभी राहते आणि झिजते.
किती झिजली ते विजेला कळतं,
विजेकडून मला,
दर दहा मिनिटांनी,
अंतोफागास्तातल्या एका खोलीत,
जिथं माझा चहा नेहमी गार होतो.

चंदन झिजतं तेव्हा वास तरी येतो.
हिचा आलेख येतो.

मार्चमध्ये रेघ वळली.
मी गणित मांडलं: अकरा महिने.
एलिसेओ गाडीतून उतरला, ठोकून पाहिलं.
टण.
पुन्हा टण.
"पोरी, हा पाइप तुझ्या नातवंडांना पुरेल."

ऑगस्टमध्ये पंप सहा तास थांबले.
कापलेला तुकडा वाळूवर उताणा पडला.
वरची बाजू कोरी करकरीत.
बुडाला, गाळ बसतो तिथं,
खड्ड्यांची ओळ, देवीच्या वणांसारखी.
सगळ्यात खोल खड्ड्यात
त्याची करंगळी नख बुडेपर्यंत गेली.
पलीकडे पापडाइतकं पोलाद उरलं होतं.

"गुडघे वाकत नाहीत," तो म्हणाला,
"सहा वर्षं वरच ठोकतोय."

मी मान हलवली.
माझंही चुकलं होतं, ते सांगायला वेळ लागला.
अकरा महिने कसले,
दिवाळखोराच्या वायद्यासारखे ते आकडे.
आणखी चार आठवडे टिकला असता, फार तर पाच.
तार सगळीकडून सारखी झिजते.
पाइपला ती शिस्त नाही.

संध्याकाळी नवी तार बसवली,
यावेळी बुडाशी.
जुनी मी चिमटीत धरली,
धरली आहे की नाही कळेना.

एलिसेओनं ती मागून घेतली,
बायकोच्या औषधांच्या रिकाम्या डबीत ठेवली,
डबी कानाशी नेऊन हलवली.
चांगल्या कानाशी.
काय ऐकू आलं, ते काही बोलला नाही.