रकाना क्रमांक सात

मंगळवारी मुख्याध्यापकांनी फॉर्म हातात दिला.
नवा अभ्यासक्रम येतोय, पुण्याहून विचारणा झालीय,
काय वगळावं, काय घालावं,
शुक्रवारपर्यंत, सुवाच्य अक्षरात.
रकाना क्रमांक सात: परिसराशी जोडणारी उदाहरणे सुचवा.
शब्दमर्यादा पन्नास.

विडी घरकुलातली आमची शाळा.
दहाच्या ठोक्याला पत्र्यावर ऊन उभं राहतं
आणि खालून तंबाखूचा वास उठतो
दप्तरांतून, वेण्यांतून, पाढ्यांच्या वहीतून.
बावीस वर्षं झाली,
आता माझ्या रुमालालाही येतो.

चौथीच्या गणितात, पान एकेचाळीसवर,
एक बाई आंबे विकते. डझनानं.
त्यातले चार नासतात,
दर वर्षी तेच चार.

नागमणी म्याकल डझनापाशी अडते.
ती पंचवीसानं मोजते.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
कारखान्यात छाट काढतील ती वजा.
मी खडू शोधेपर्यंत तिचं उत्तर तयार असतं,
तेलुगूत.
मग ते ती मराठीत आणते,
भरला हंडा उंबऱ्यावरून आणावा तसं, जपून,
आणि तरी थोडं सांडतंच.
त्या सांडलेल्याचे मी मार्क कापत आलेय.

म्हणून बुधवारी रात्री, ओटा पुसून झाल्यावर,
मी जोशात लिहिलं:
आंबे काढा. विड्या घाला.
तेंदूच्या पानाचा आकार घाला, कात्रीच्या एका घावात निघणारा.
जकार्डचा पुठ्ठा घाला:
भोक असेल तिथं सूत उचलायचं, नसेल तिथं राहू द्यायचं,
एवढ्यावर चादरीत मोर उगवतो.
एकशे बारा शब्द झाले.
खोडत खोडत पन्नासावर आणले,
मोर गेला.

गुरुवारी वर्गाला वाचून दाखवलं.
म्हटलं, तुमचं घर पुस्तकात येणार!
टाळ्या वगैरे काही नाही.
नागमणी उठली. वद्दु बाई, म्हणाली.
नको.
घरी विडी, गल्लीत विडी, सुट्टीत विडी,
आता गणितात पण विडीच व्हय?
पुस्तकात तरी दुसरं काही असू द्या की.

मग काय घालू?

पान साठवर समुद्र आहे, ती म्हणाली.
तुम्ही दर वर्षी गाळता. वेळ नाही म्हणता.
भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते, असं लिहिलंय तिथं.
खरं आहे का?

हिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी
म्हणजे सिद्धेश्वराचं तळं,
तेही गड्ड्याच्या गर्दीत, बापाच्या खांद्यावरून.

एवढ्यात मागच्या बाकावरून तौफीक नदाफ:
मला पायजे विडीचं गणित.
मुनीम छाट जास्त काढतो.
अम्मीला कागदावर करून दाखवायचंय.
तू समुद्र घे जा.

आणि पेटलं.
तीन भाषांत, परवानगीशिवाय, घंटेच्या पलीकडं,
दोन वेण्या सुटल्या, एक पट्टी मोडली,
दारात येऊन मुख्याध्यापक नुसते बघत राहिले.
एवढा अभ्यासक्रम
मी एका तासात कधी शिकवला नव्हता.

शुक्रवारी शिपाई फॉर्म न्यायला आला.
रकाना सातमध्ये मी लिहिलं:
वर्गात भांडण चालू आहे. निकाल लागला की कळवते.
आणि खाली, मर्यादेत बसत होतं म्हणून:
आंबेवालीला एक वर्ष सुट्टी द्यावी.

सोमवारी फळ्यावर दोन गणितं होती.
एक मुनिमाचं. त्याचं उत्तर तौफीकनं
हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घरी नेलं.
दुसरं:
आज भरती नऊ वाजून दहा मिनिटांनी आली,
तर उद्या किती वाजता?

नागमणीचे ओठ हलले.
उंबऱ्यापाशी येऊन थांबली, हंडा सावरत.
म्हटलं, राहू दे तिथंच. मी येते.

पदि, ती म्हणाली.

पदि, मी फळ्यावर लिहिलं,
आणि खाली बरोबरची खूण केली.
पदि म्हणजे दहा.
वर पत्र्यावर तेव्हाच ऊन येऊन उभं राहत होतं.