पाण्याचा दिवस

भाग्यलक्ष्मीच्या कार्डाला
चिठ्ठी टाचलेली होती:
पुढच्या वेळी पतीस सोबत आणावे.
मी वाचली, घडी घातली.
मागावर टॉवेलचं बीम चढवायचं होतं.

दुसरी चिठ्ठीही तशीच गेली.
तिसऱ्या खेपेला चिठ्ठी नव्हती.
उंबऱ्यात चपला काढत ती म्हणाली,
"मॅडम विचारत होत्या, मालक आहेत ना?"
पोटात पाचवा महिना.
आत अम्माची कात्री
तेंदूच्या पानावर थांबली,
पुन्हा चालू झाली.

त्या रात्री तिने सांगितलं
रिपोर्टात काय आलंय ते,
भिंतीकडे तोंड करून,
चोरी कबूल केल्यासारखं.
"लहानपणी टायफॉइडला सुया टोचल्या होत्या,
त्याचंच असंल."
ती वीस वर्षांपूर्वीची सुई शोधत होती
आणि मी, भिवंडीत चार वर्षं काढून आलेला,
सगळं ठाऊक असलेला माणूस,
पंख्याची पाती मोजत होतो.
तीन. तीनच असतात.

माझा कागद पत्र्याच्या पेटीत होता,
पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये,
आमच्या लग्नपत्रिकेहून
चौदा महिन्यांनी मोठा.

आडवा धागा संपला की माग थांबतो.
उभा तुटला तर थांबत नाही,
माणसानं बघावं लागतं.
नाही बघितलं तर कापडात रेघ पडत जाते
वारच्या वार.
हे मी नव्या पोरांना शिकवतो.

सिव्हिलच्या बाकावर सतरा बायका
आणि एक मी.
वॉचमन म्हणाला, "ओ, पुरुषांनी बाहेर थांबायचं."
मी उठलोसुद्धा. खरं सांगायचं तर
बरंच वाटलं होतं.
तेवढ्यात पडद्याआडून शाहीन मॅडम आल्या,
"त्यांना बसू द्या की.
चार महिने बोलावतोय आम्ही."

आत मी कागद टेबलावर ठेवला.
पंख्यानं उडायला लागला,
तिनंच हात ठेवला त्याच्यावर.
अक्षरं तिला अडखळतात,
आकडे नाही. विड्यांचा हिशोब तीच ठेवते.
तिनं तारीख वाचली.
मग हात काढून घेतला.

मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.
रोज गोळी, ठरल्या वेळी, दोघांनीही.
बाळंतपण इथेच.
बाळाला जन्मल्याबरोबर औषध.
"घरात लपवून गोळी घेणारी बाई
कधीतरी एखादी चुकवते," त्या म्हणाल्या.
"लपवायला लागू नये, एवढं बघा तुम्ही."

अम्माला मी सांगितलं, तेलुगूत.
मराठीत जमेना.
हिचा दोष नाही, एवढं वाक्य
तीनदा म्हणालो.
अम्मानं त्या दिवशी विड्या वळल्या नाहीत.

रात्री आठ. पाळी बदलते तेव्हा
मी तांब्या भरून पुढे करायचो.
ती गोळी घ्यायची, तांब्या खाली ठेवायची,
माझ्या हातात नाही.
असे किती महिने, मोजले नाहीत.

पोरगा झाला तेव्हा
पिचकारीनं मापून औषध मीच पाजायचो,
तेलकट बोटं दोनदा धुऊन.
सहाव्या आठवड्यात टाच टोचली,
पाय मी धरला होता.
माझ्या अंगठ्याएवढी टाच.
कागदावर रक्ताचे गोल वाळेपर्यंत
आम्ही दोघं तेवढंच बघत बसलो.

आज दीड वर्षाचा झाला. शेवटची तपासणी.
मॅडमनी कागद आमच्याकडे फिरवला,
त्याला काही नाही.
पोरगा त्यांच्या पेनचं टोपण चावत होता.

रिक्षात मी वाट बघत होतो
ती रडेल, काही बोलेल.
माफ केलं म्हणेल, असंही
मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

अशोक चौकात ती म्हणाली,
"आज पाण्याचा दिवस.
चारला नळ येतो.
घागरी मी भरते,
तुम्ही पोराला धरा."