पडण्याचं काम

मी तिच्या परकरात फोम शिवायचे.
डाव्या कुशीला दोन बोटं जाड, उजवीकडे काहीच नाही,
कारण एनिड ओल्डरॉइड कायम डावीकडेच पडायची.
लीड्सचा स्टुडिओ, शुक्रवारची संध्याकाळ,
बस भरभरून आणलेली गिरण्यांतली माणसं,
त्यांच्या ओल्या कोटांचा वास,
आणि दिव्यांखाली खोटी लाँड्री, खरा साबण.

मिसेस डॉब स्टुलावर चढायची,
वरच्या फळीवरचा पुडा काढायला,
"माझी काळजी नको," म्हणायची
आणि कोसळायची.
अकरा वर्षं.
नवा दिग्दर्शक म्हणाला, आधी पडा, मग बोला.
तिनं एकदा तसं करून दाखवलं.
सगळे चिडीचूप. मागं कुणीतरी खोकलं.
पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

पडायला बापानं शिकवलेलं.
छपरांवर दगडी पाट्या बसवायचा तो.
म्हणायचा, अंग सैल सोड पोरी, जमिनीशी भांडू नकोस.
एका नोव्हेंबरात तोच भांडला असावा.
हे तिनं मला एकदाच सांगितलं, मापं घेताना,
आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून बरं झालं.

शुक्रवारी जांभळं, सोमवारी हिरवट,
गुरुवारपर्यंत पिवळं, की पुन्हा शुक्रवार.
लाँड्रीचा मालक व्हायचा त्या हॅरल्डला तिप्पट पैसे.
तो कधी पडला नाही.

मग मालिका संपली. सूपची एक जाहिरात,
नाताळातल्या नाटकांत घोड्याची मागची बाजू,
आणि एकदा, हॉस्पिटलच्या एका गंभीर मालिकेत
तिला मरायचं होतं.
छान मेली. हळूहळू, हात चादरीवर ठेवून.
एका प्रेक्षकानं पत्र पाठवलं:
तुम्ही खाटेवरून कधी पडता याची आम्ही सारे
शेवटपर्यंत वाट पाहत होतो.
ते पत्र तिनं बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.
फाडलं का नाहीस, विचारलं,
तर म्हणाली, अक्षर बघ किती सुंदर आहे.

आता ब्रिडलिंग्टनला होती, एकटी, एकोणऐंशीची.
दुपारी स्वयंपाकघरात पाय सरकला.
भिंतीपलीकडे म्हातारे ग्राबोव्स्की
तिचाच जुना भाग बघत होते.
ही फरशीवर आडवी,
आणि पलीकडून आपलाच आवाज ऐकतेय:
"माझी काळजी नको."
धप्प.
मग हशा. पंचाहत्तर सालचा,
त्यातले निम्मे आता मातीत.
वर एकटे ग्राबोव्स्की, खो खो.

"मग ओरडलीस ना?"
"लगेच कशी ओरडणार?" एनिड म्हणाली,
मला वेडी ठरवत, उशीवरून.
"हशावर बोलायचं नसतं. वाक्य वाया जातं.
नऊ सेकंदांचा आहे तो. सात झाले की उतरायला लागतो.
उतरू दिला,
मग म्हटलं, वाचवा."

ग्राबोव्स्की फुलं घेऊन आले होते,
टोपी हातात चुरगाळत उभे.
म्हणाले, मला वाटलं टीव्हीच.
बंद केला,
तरी बाई बोलतच होत्या.

एनिडनं माझ्याकडे पाहिलं. हसू नकोस, म्हणाली, टाके आहेत.
मी पांघरूण नीट करायला वाकले
तेव्हा कळलं,
या खेपेला ती उजवीकडे पडली होती.