उत्तर देण्यात येते की

प्रश्न क्रमांक सतरा.
वहीच्या पाठकोऱ्या पानावर, निळ्या बॉलपेनने,
दहा रुपयांचं तिकीट जरा तिरकं चिकटलेलं.
अर्जदार : राजमणी अंबादास कुरापाटी,
विडी कामगार, राहणार विडी घरकुल.
"आमच्या गल्लीत पाणी नेमकं किती वाजता सुटतं
ते लेखी कळवावे.
मी चार रात्री जागी होते."

शेवटचं वाक्य माहिती अधिकारात बसत नाही.
साहेबांनी त्याच्याखाली लाल रेघ ओढली.

मी लिपिक, कनिष्ठ.
अकरा वर्षं इंद्रभुवनामागच्या इमारतीत
जिन्याखाली बसून उत्तरं लिहितो.
माझ्या उत्तरांत माणसं राहत नाहीत.
पाहणी करण्यात येते,
निविदा मागविण्यात येते,
जलवाहिनी टाकण्यात येते, फुटते,
दुरुस्त करण्यात येते.
फुटते तेवढी आपली आपण.

शाळेत हत्तुरे सर सांगायचे, कर्ता सापडत नसेल
तर क्रियापदाला 'णारा' लावा आणि विचारा, कोण?
करण्यात येणारी कोण?
पाहणी.
म्हणजे पाहणीनंच पाहणीला केलं, सर,
आणि दोघी सही न करता निघून गेल्या.

मसुदा लिहिला : "आपल्या भागास रोटेशननुसार..."
साहेबांनी रोटेशन खोडून आवर्तन केलं.
अर्ज झोनकडे वर्ग झाला,
झोनकडून प्राधिकरणाकडे,
तिथून मुंबईला, मुंबईहून परत :
विषय स्थानिक स्वराज्य संस्थेचा,
आपल्या स्तरावर उत्तर द्यावे.
आमच्या स्तरावरचा रबरी शिक्का जुना आहे,
मधला शब्द झिजलाय.
कागदावर उमटतं ते 'स्थानिक स्व ज्य संस्था'.
नवा शिक्का मागवण्यात आलेला आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशी ऑफिस सुटल्यावर
गाडी घराकडे वळायच्या आधीच घरकुलाकडे वळली.
ती उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप,
कात्री पानावरून फिरत होती,
मान वर न करता म्हणाली, "लेखी आणलं का?"
दाराशी रिकाम्या घागरी, उलट्या ठेवलेल्या,
रंगाचा एक डबा, झाकणावर वीट.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं स्पीकर लावला,
हात तंबाखूचे होते.
"अक्का, मी सोडतोय. पावणेतीनला.
आधी शेळगीला देतो, मग तुमच्याकडं.
आज प्रेशर कमी हाय, मोटर लावू नका म्हणावं शेजाऱ्यांना."

मी सोडतोय.
अकरा वर्षांत टाइप न केलेले दोन शब्द.
"कोण?" मी विचारलं.
"मौला नदाफ. चावीवाला."
"मग तुम्हाला वेळ ठाऊकच आहे की.
अर्ज कशाला केला?"

तिनं दोरा दातानं तोडला.
"मागं मौलाभाई गावाकडं गेला,
तवा चार रात्री जागले मी.
आता तर पुढच्या महिन्यात रिटायर हुतोय."

एकोणतिसाव्या दिवशी मी उत्तर टाइप केलं.
"चावीवाले श्री. मौला नदाफ
पहाटे पावणेतीन वाजता आपल्या गल्लीचं पाणी सोडतात."
अनुस्वारासकट तपासलं.
साहेब बराच वेळ बघत राहिले.
"हे नाव कशाला इथं?"
"कर्ता आहे, साहेब."
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

फाइल संध्याकाळी आली.
नाव खोडलेलं. सोडतातचं सोडण्यात येते झालेलं.
पण पावणेतीन शिल्लक होते,
त्यांच्या डोक्यावर साहेबांच्या अक्षरात
एक बारीक 'अंदाजे'.
तसंच रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

आज अपील आलंय.
त्याच वहीचं पान, तिकीट या वेळी सरळ.
एकच ओळ :
"अंदाजे यांचा मोबाईल नंबर कळवावा."