मूळ नोंद

धुळ्यात, साक्री रोडच्या दवाखान्यात
माझ्या टेबलावरून कागद उठला, त्याला दीड वर्ष झालं.
आता टॅब. बोट टेकलं की तीच मूळ नोंद,
तिच्या आधी काही नाही.

पूर्वी असायचं.
गोळ्यांच्या खोक्याची पाठ, एस.टी.चं तिकीट,
घाईत माझाच तळहात.
तिथे मी एकशेबासष्ट लिहायची,
आणि संध्याकाळी फॉर्मवर उतरवताना
एकशेसाठ जरा नीटस दिसायचं.

आज चौदा नंबर आला, कुसुंब्याहून, पहिल्या गाडीने.
नाव टॅबमध्ये जात नाही, तरी तो दर खेपेला सांगतो:
सुपडू. वरची दोन जगली नाहीत,
म्हणून मायनं सुपात घालून उकिरड्यापाशी नेलं
आणि परत घरात आणलं.
सुपाला रकाना नाही.
पुरुष, एकसष्ट पूर्ण.

त्याच्या मोबाइलवरच्या डायरीत
सून रोज 'गोळी घेतली' दाबून देते.
आठ, आठ, आठ, आठ.
मंगळवारी मात्र वेळ पडलीय
रात्रीचे दोन चाळीस.
मी विचारायच्या आत तोच म्हणाला,
"लाईट रातनी व्हती ना.
मोटर चालू कराले गऊ, तठेच याद उनी.
गोळी खिसामा व्हती."
आणि बटण? "मीच दाबं."
अंगठा दाखवला. नखात अजून चिखल.

महिनाभराच्या सरळ ओळीत ही एकच वाकडी,
आणि माझा विश्वास बसला तो हिच्यावरच.
बाकीच्या आठांचं काय, ते मी विचारलं नाही.

उशिराचं कारण: 'रात्रीची लाईट.'
जेवायच्या सुट्टीआधीच हैदराबादहून शंका आली.
'रुग्णाला प्रकाशाचा त्रास होतो का?
होत असल्यास लक्षण म्हणून वेगळं नोंदवावं.'

हसू आलं. मग दुरुस्ती केली:
वीज. शेतीपंपाची.
या आठवड्यात रात्री साडेबारानंतर येते.
'लाईट' गेली नाही मात्र,
आडव्या रेघेखाली तशीच वाचता येते,
शेजारी माझं नाव, तारीख, मिनिट, बदलाचं कारण.

खालच्या कपाटात जुने फॉर्म आहेत,
पंधरा वर्षं फेकायचे नाहीत.
त्यांतल्या त्या एकशेसाठांखाली
काहीच वाचता येत नाही.
हात तर मी तेव्हाच
डबा उघडायच्या आधी
साबणाने धुतला होता.