नमुना सतरा

सोहारच्या बंदरामागे, पॉलिप्रॉपिलीनच्या गोण्यांची थप्पी संपते
तिथे आमची प्रयोगशाळा.
बाहेर सेहेचाळीस अंश, आत एकवीस,
मध्ये काचेचं दार, कायम घाम फुटलेलं.

बहलाहून पिकअप आला तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं,
जनावरं कुठेत?
मागे गव्हाचं काड, बारा गठ्ठे, निळ्या सुतळीने आवळलेले.
मालाचा प्रकार लिहायचा होता.
आर्नेलने लिहिलं: रसायन.

मी एक काडी दातांत धरली, सवयीने.
चव निफाडच्या खळ्यावरची,
जराशी खारट.
ते मीठ माझ्याच ओठांचं असेल.

काड कापायचं, चाळायचं, वाळवायचं,
वितळलेल्या प्लास्टिकबरोबर दोन स्क्रूंमधून रेटायचं.
एकशे नव्वदच्या वर गेलं की करपतं
आणि मजलाभर भाकरी जळाल्याचा वास.
बुथैना दारातून डोकावते: आज कोणाचा डबा?

साच्यातून तपकिरी पट्ट्या पडतात,
टोकांना रुंद, कमरेत बारीक.
यंत्र त्यांना दोन्हीकडून धरतं
आणि ओढत राहतं, सावकाश,
काही वैर नसल्यासारखं.

सोळा नमुने गेले.
सूक्ष्मदर्शकाखाली तुटल्या तोंडावर नुसती भोकं,
गुळगुळीत, बोटातली अंगठी काढून ठेवावी तशी.
काडी तुटलीच नव्हती. निसटली होती.
प्लास्टिकने तिला वेढलं होतं,
धरलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला हमूद बिन सैफ, पिकअपचा मालक,
चहाला थांबला होता. पडद्यावरची भोकं बघून म्हणाला,
तिब्न मुरवलं नाहीत.
भिंत बांधायची तर आम्ही ते मातीत सात दिवस कुजवायचो,
नाक धरावं लागेपर्यंत.
कोरडं घातलं तर भिंतीत पाहुणं राहतं.
बुथैनाने मला इंग्रजीत सांगितलं
आणि पाहुण्यापाशी जरा हसली.

मला सोमा गवंडी आठवला.
गाऱ्यात भुसा घालून रात्रभर ठेवायचा,
सकाळी आम्हा पोरांना तुडवायला लावायचा,
मजुरी मूठभर शेंगदाणे.
रात्रभर का, हे मी
एम.एस्सी. होऊनही विचारलं नव्हतं.

मेण.
काडीच्या अंगावर मेण असतं,
म्हणून गंजी वरून भिजते आणि आत हात घातला तर कोरडी लागते.
जे तिला पावसात राखतं
तेच इथे आड येत होतं.

मग कॉस्टिक, पाच टक्के, चार तास.
पाणी कोऱ्या चहासारखं झालं.
मग धुणं, आणखी धुणं,
लाल लिटमस लालच राहीपर्यंत.
मग मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडची चिमूट:
एक हात काडीला, दुसरा प्लास्टिकला.
आर्नेल म्हणाला, आमच्या बेटावर अशी एक बाई आहे,
सगळ्यांची लग्नं तीच जुळवते,
स्वतः कोणाकडे जेवत नाही.

नमुना सतरा.
आलेख चढत गेला. सोळाव्याची रेघ मागे पडली.
कोणीतरी एसी बंद केला, का ते कळलं नाही.
मग टक्क.

तोंडावर काड्यांची टोकं, फाटकी, झिपरी,
अंगाला प्लास्टिकचे लचके चिकटलेले.
तुटली! बुथैना ओरडली,
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
काही मोडल्याचा एवढा आनंद
मला लहानपणीसुद्धा झाला नव्हता.

त्या मिश्रणाची पहिली क्रेट हमूदला दिली, खजुरासाठी.
त्याने ती हुंगली, नखाने खरवडली,
गुडघ्यावर ठेवून दाबून पाहिली.
मजबूत आहे, म्हणाला.
मग विचारलं: जुनी झाली की बकरी खाईल?

बुथैनाने इंग्रजी केलं नाही.
एवढं अरबी मला येतं.
आर्नेल भरलेल्या कपात पुन्हा चहा ओतू लागला.
मी वहीत तारीख घातली, ताण, तापमान, आर्द्रता,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
पेन टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पसरेपर्यंत.