तोड

वोलोसमध्ये यंदा घरपट्टी
विजेच्या बिलातच घालून आली.
नाही भरली की वीज तोडायची.
तोडायला जायचं माझ्या नवऱ्यानं.

युनियननं ठराव केला: करापायी
कुणाच्या घरात अंधार करायचा नाही.
स्तामातिसनं पक्कड खिशातच ठेवली,
तिसऱ्या मजल्यावर एफ्तेर्पीबाईंकडे
कॉफी पिऊन परत आला.
त्यांच्या ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर
रात्री त्यानं मला करून दाखवली.

मी सरकारी दवाखान्यात.
हातमोजे मोजून देते.
काल एक जोडी धुऊन वाळत घातली,
चिमट्यांना लटकलेली दहा बोटं.
पगार दोनदा कापला, तिसऱ्यांदा आलाच नाही.
विचारलं तर वरून उत्तर:
तिजोरीत खडखडाट आहे,
लोक कर भरत नाहीत.

लोक म्हणजे एफ्तेर्पीबाई.
आणि लोक म्हणजे टेकडीवरचा तो जहाजवालाही,
ज्याचा बंगला कागदावर गोठा आहे,
गोठ्यात पोहायचा तलाव.

जेवताना मी हे सगळं बोलले.
स्तामातिस म्हणाला, मग काय, तोडू?
मी म्हटलं, त्या गोठ्याची तोड.
तो हसला.
गोठ्याची थकबाकी नाही म्हणे.
गोठ्याला कर बसतच नाही.

बिल आमचंही आलं होतं,
मिठाच्या बरणीखाली, घडी न उलगडलेलं.
मसुराचं सूप अळणी झालं होतं.
मी बरणी उचलली, चिमूटभर घातलं,
आणि होती तिथंच
परत ठेवली.